‘पालकांना बोलावून मिटवू’ म्हणण्याआधी

तालुक्याच्या गावातल्या एका माध्यमिक शाळेच्या वर्गशिक्षिकेने विचारलं आहे: ‘आठवीतल्या एका मुलीने मला सांगितलं की वर्गातली दोन मुलं दोन महिन्यांपासून तिला जिन्यात अडवतात, अंगाला हात लावतात. परवा त्यांतल्या एकाने तिच्या चेहऱ्याचा भलताच फोटो तयार करून मुलांच्या ग्रुपवर टाकला. मुख्याध्यापक म्हणतात, दोन्हीकडच्या पालकांना बोलावून मिटवू, शाळेचं नाव जायला नको. मुलीचे वडीलही म्हणतात, पुढे नेऊ नका, बदनामी होईल. मुलं तेरा-चौदा वर्षांची आहेत. मी काय करू?’

बाई, आधी थोडक्यात सांगते, कारण तुमच्याकडे वेळ कमी आहे. मिटवू नका. आजच्या आज पोलिसांना कळवा. त्यासाठी मुख्याध्यापकांची परवानगी लागत नाही, मुलीच्या वडिलांचीही लागत नाही. आता सविस्तर लिहिते. कळवणं हे पहिलं पाऊल आहे, आणि मुलीचं शिक्षण टिकतं की तुटतं हे त्यानंतरच्या पावलांवर ठरतं.

मी २२ वर्षं शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका शाळेत अगदी असाच प्रसंग आला होता. (तपशील बदलून सांगते आहे.) मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. मुलगा, त्याचे वडील, मुलगी, तिची आई, दोन शिक्षक आणि मी. मुलाने मान खाली घालून ‘सॉरी ताई’ म्हटलं. मुलीला विचारलं, ‘झालं ना आता?’ तिने मान हलवली. मी तिच्या शेजारीच बसले होते. ती पाण्याच्या बाटलीचा पट्टा बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. ते मला दिसलं, तरीही मी गप्प राहिले, कारण खोलीतल्या सगळ्यांना ‘झालं’ हेच ऐकायचं होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आली नाही. मामाकडे पाठवली असं कळलं. मुलगा त्याच वर्गात दहावीपर्यंत शिकला. ती बैठक मी थांबवायला हवी होती.

अशा बैठकीत त्रास सोसलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून आपण सर्वांसमोर ‘माफ केलं’ हे वदवून घेतो. तिने मान हलवली नाही तर तीच ‘ताणून धरणारी’ ठरते. काही शाळांत तर राखी बांधायला लावतात. हे आपल्या समाजात किती खोल मुरलेलं आहे बघा: २०२० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने विनयभंगाच्या एका आरोपीला जामीन देताना तक्रारदार महिलेकडून राखी बांधून घेण्याची अट घातली होती. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. तिथे दोघंही प्रौढ होते, पण मनोवृत्ती तीच. भावाचं नातं लावलं की घडलेलं पुसून जातं, अशी आपली समजूत. ज्याच्या हाताची भीती वाटते त्याच हाताला धागा बांधायला लावणं ही त्या मुलीवर दुसऱ्यांदा केलेली जबरदस्ती आहे.

आता कायद्याचं. पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, २०१२ चा, त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला लागू झाला. अठरा वर्षांखालची कोणतीही व्यक्ती त्याच्या दृष्टीने बालक आहे, मुलगी असो वा मुलगा. मुद्दाम वाट अडवणं, पाठलाग करणं, अश्लील बोलणं, फोन-मेसेजवरून छळणं, खोट्या फोटोची धमकी देणं, हे लैंगिक हेतूने केलेलं असेल तर लैंगिक छळ ठरतं. त्याच हेतूने केलेला स्पर्श त्याहून गंभीर गुन्हा. ‘कपड्यांवरूनच तर हात लावला’ हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये कायमचा मोडीत काढला. तोही आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल फिरवून.

कलम १९ सांगतं की असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळलं, त्याने स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. ‘ज्याला कळलं’ म्हणजे तुम्ही, आणि आता मुख्याध्यापकही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका शाळा-वसतिगृहातल्या प्रकरणात मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने कळवलं नाही म्हणून त्याच्यावर खटला भरला गेला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला, पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभा केला आणि माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं स्पष्ट बजावलं. उलट सद्भावनेने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही त्याच कलम १९ मध्ये आहे. मुख्याध्यापकांना हा परिच्छेद वाचून दाखवा. शाळेच्या नावाची काळजी असलेल्या माणसाला स्वतःच्या नावाचीही काळजी असते.

आणखी एक गैरसमज. ‘आधी आपली समिती चौकशी करेल, तथ्य आढळलं तर कळवू.’ शाळेत विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते, तक्रारपेटी असते, कर्मचाऱ्यांसाठी अंतर्गत तक्रार समिती असते. बदलापूरच्या शाळेत २०२४ मध्ये मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर यांबाबतचे आदेश पुन्हा कडक झाले. या समित्या हव्याच. पण तथ्य शोधणं हे त्यांचं काम नव्हे. चौकशीच्या नावाखाली त्या मुलीला पाच जणांसमोर पाचदा तेच सांगायला लावतात. प्रत्येक वेळी एखादा शब्द इकडचा तिकडे होतो, आणि पुढे बचावाचा वकील नेमकं त्यावर बोट ठेवतो. तपास पोलिसांना करू द्या.

तुम्ही आतापर्यंत तिच्याशी काय बोललात ते मला माहीत नाही. पुढे बोलाल तेव्हा दार अर्धं उघडं असलेल्या, पण रहदारी नसलेल्या जागी बसा, टेबलाच्या एकाच बाजूला. ‘तू सांगितलंस ते फार बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही.’ ही दोन वाक्यं म्हणा, आणि म्हणून झाल्यावर थांबा. ‘आधी का नाही सांगितलंस?’, ‘तू त्या जिन्याने का गेलीस?’, ‘तू त्याला काही बोलली होतीस का?’ हे प्रश्न टाळा. ‘का’ने सुरू होणारा प्रत्येक प्रश्न मुलांना आरोपासारखा ऐकू येतो. ‘मी कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते मोडावंच लागेल. त्याऐवजी म्हणा, ‘हे थांबवण्यासाठी मला दोघा-तिघांना सांगावं लागेल. कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन.’ नंतर एकटीने बसून तिचे शब्द जसेच्या तसे लिहून काढा. तिने ‘तिकडे हात लावला’ म्हटलं असेल तर ‘तिकडे’च लिहा, आपल्या मराठीत सुधारू नका. तारीख, वेळ, सही. तिच्याकडून मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहून घ्यायची गरज नाही.

फोटोबद्दल फार सावध राहा. शाळांकडून सर्वांत जास्त चूक इथे होते. पुरावा म्हणून तो फोटो कुणीही स्वतःच्या मोबाइलवर घेऊ नका, शिक्षकांच्या ग्रुपवर टाकू नका, मुख्याध्यापकांना पाठवू नका. अल्पवयीन मुलांची अश्लील प्रतिमा पुढे पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे, पाठवणारा शिक्षक असला तरी. ग्रुपचं नाव, कुणी टाकला, किती वाजता, एवढं कागदावर टिपा आणि पोलिसांना सांगा. मुलांचे मोबाइल हिसकावून चाळू नका. ज्यांनी फोटो पाहिला त्या मुलांना वर्गशिक्षिका म्हणून एवढंच सांगा की तो पुढे पाठवणं गुन्हा आहे आणि आजपासून त्यावर एक शब्दही बोलायचा नाही. तिच्या पालकांना राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल दाखवा. ‘टेक इट डाउन’ नावाची एक विनामूल्य सेवाही आहे. अठरा वर्षांखालच्यांचे असे फोटो मोठ्या समाजमाध्यमांवरून हटवायला ती मदत करते, आणि त्यासाठी मूळ फोटो कुणाकडेही पाठवावा लागत नाही.

वडिलांचं म्हणणं मला पूर्ण समजतं. ते कठोर नाहीत, घाबरलेले आहेत. पोलीस ठाणं म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर बाकावर बसवलेली मुलगी येते. त्यांना प्रत्यक्षात काय होतं ते सांगा. तिला ठाण्यात जावं लागत नाही. जबाब घरी किंवा तिला सोयीच्या जागी घेतात. शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाची महिला अधिकारी येते, तीही गणवेश न घालता. आई किंवा तिच्या विश्वासाचं माणूस शेजारी बसतं. त्या मुलांना तिच्यासमोर आणत नाहीत. नाव, फोटो, शाळा, पत्ता, ओळख पटेल असं काहीही वर्तमानपत्रात येऊ शकत नाही, पोक्सोच्या कलम २३ ने तशी बंदी आहे. पोलिसांना २४ तासांत बालकल्याण समितीला कळवावं लागतं, आणि समिती मुलीच्या कुटुंबाच्या संमतीने एक सहायक व्यक्ती नेमून देते. ती शेवटपर्यंत सोबत राहते, तारखा सांगते, कोर्टात बरोबर येते. हे सगळं कागदावर आहे आणि प्रत्येक ठाण्यात आपोआप घडतंच असं नाही. म्हणून पहिल्या दिवशी तुम्ही किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षातलं कुणीतरी बरोबर असणं फार उपयोगाचं ठरतं. १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर फोन केलात की तिथून जोडून देतात. चोवीस तास, मोफत.

आईशी वेगळं बोला. वडिलांसमोर आई बोलत नाही, हे मी शंभरदा पाहिलं आहे. आईला एकच प्रश्न विचारा: ‘हिची शाळा बंद करायचं घरात कुणी बोलतंय का?’ खरी लढाई तिथे आहे. आपल्याकडे मुली सांगत नाहीत त्याचं सर्वांत मोठं कारण त्या मुलांची भीती हे नसतं. सांगितलं की आपलंच घराबाहेर पडणं थांबणार, क्लास सुटणार, मोबाइल जाणार, पुढच्या वर्षी लग्नाचं बघायला लागणार, हे त्यांना ठाऊक असतं. तुमच्या विद्यार्थिनीने दोन महिने हा हिशेब मनात केला असणार, आणि तरी ती तुमच्याकडे आली. म्हणून आईकडून पहिल्याच भेटीत शब्द घ्या की उद्या ती शाळेत येईल, आणि शाळा तिच्यासाठी काय करणार आहे ते आईला नेमकेपणाने सांगा.

तुमच्या प्रसंगात गरज नसेल, पण वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवते. अत्याचार झाला असेल तर आधी दवाखाना. उपचारांसाठी एफआयआरची वाट पाहायची नसते. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाला तातडीचे उपचार मोफत द्यावेच लागतात. मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरने करायची असते. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात. आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा.

आता त्या दोन मुलांबद्दल. तुमच्या प्रश्नात त्यांच्याविषयी राग दिसत नाही, काळजी दिसते, ते मला बरं वाटलं. तीही तुमच्याच हजेरीपटावरची आहेत. सोळा वर्षांखालच्या मुलावर प्रौढांच्या कोर्टात खटला चालू शकत नाही. त्यांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, जिथे एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली एक महिला असते. त्यांना कोठडीत टाकता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. समुपदेशन, देखरेख, समाजसेवा असे आदेश मंडळ देऊ शकतं, आणि त्यांच्या पुढच्या आयुष्यात हे प्रकरण नोकरी-शिक्षणाच्या आड येऊ नये अशी तरतूद कायद्यात आहे. ‘त्यांचं आयुष्य बरबाद होईल’ या भीतीने मिटवणारे मुख्याध्यापक मला नेहमी भेटतात. मी त्यांना सांगते, चौदाव्या वर्षी थांबवलेल्या मुलाला मंडळ आहे. चौदाव्या वर्षी सोडून दिला आणि एकोणिसाव्या वर्षी पुन्हा केलं, तर त्याला तुरुंग आहे.

मारू मात्र नका. प्रार्थनेच्या रांगेसमोर उभं करू नका. शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. दाखला हातात देऊन मोकळं होणं हाही उपाय नव्हे. आठवी पूर्ण होईपर्यंत कुणाला शाळेतून काढताच येत नाही, आणि दाखला देऊन आपण तो मुलगा न सांगता शेजारच्या शाळेच्या जिन्यात नेऊन सोडतो. त्यांच्याशीही एकेकट्याने बोलायला हवं, प्रशिक्षित माणसाने. अशा मुलांपैकी काहींवर आधी कुणीतरी अत्याचार केलेला असतो, काहींच्या हाती नको त्या वयात मोबाइलवर नको ते लागलेलं असतं, आणि बऱ्याच जणांना मित्रांपुढे मर्दानगी दाखवायची असते. या तिन्ही प्रकारच्या मुलांना मदतही वेगवेगळी लागते. आणखी एक गोष्ट विसरू नका. गावभर बोभाटा झाला की जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार दोन्ही बाजूंच्या मुलांच्या मनात येऊ शकतो. घरच्यांना लक्ष ठेवायला सांगा आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर दोन्ही घरी द्या.

शाळेतली बदललेली व्यवस्था त्या दोन मुलांनी सोसायची, तिने नाही. हे ठामपणे सांगा, कारण मुख्याध्यापक पहिली सूचना करतील ती तिला ‘ब’ तुकडीत टाकण्याची. ‘तिच्याच भल्यासाठी.’ तिच्या मैत्रिणी, तिचा बाक, तिची ओळखीची खिडकी ‘अ’ तुकडीत आहे. हलवायचं असेल तर त्या दोघांना हलवा. ते कोणत्या जिन्याने येतील, मधल्या सुट्टीत कुठे असतील, बसमध्ये कुठे बसतील, सुटल्यावर किती मिनिटांनी निघतील, हे लिहून त्यांच्या पालकांची सही घ्या.

आता, असं पुन्हा घडू नये म्हणून काय करायचं ते. वर्गात ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ शिकवून शाळा समाधान मानतात. शब्दांचंच बघायचं तर मी ‘सुरक्षित-असुरक्षित’ म्हणते, कारण प्रत्येक चुकीचा स्पर्श मुलाला वाईट वाटतोच असं नाही, आणि मग ते स्वतःलाच दोषी धरतं. पण नुसत्या तासाने भागत नाही. न्यूयॉर्क शहरातल्या ३० शाळांमध्ये सहावी-सातवीच्या अडीच हजारांहून अधिक मुलांवर एक अभ्यास झाला. ज्या शाळांत फक्त वर्गात धडे दिले तिथे फारसा फरक पडला नाही. जिथे इमारतीत बदल केले, म्हणजे मुलांना विचारून शाळेच्या नकाशावर धोक्याच्या जागा शोधल्या, तिथे मोठी माणसं उभी केली, त्रास देणाऱ्याला दूर राहण्याच्या लेखी अटी घातल्या, तिथे छळ कमी झाला.

ही नकाशाची गोष्ट मी आपल्याकडे अनेक शाळांत केली आहे. एकही रुपया लागत नाही. शाळेचा साधा नकाशा फळ्यावर काढा, त्याच्या झेरॉक्स मुलांना द्या, नाव न घालता लाल-हिरवे खडू चालवायला सांगा. जिथे भीती वाटते तिथे लाल. एका शाळेत शिक्षकांची पैज होती की लाल रंग मैदानामागच्या झाडीत येईल. साठांतल्या चाळीसहून अधिक कागदांवर लाल ठिपका पडला तो पाण्याच्या टाकीजवळच्या नळांच्या रांगेवर. मधल्या सुट्टीत तिथे ढकलाढकली असते आणि गर्दीत कुणाचा हात कुठे गेला ते दिसत नाही. टाकी शिक्षक-खोलीच्या खिडकीपासून वीस पावलांवर होती. त्यांनी मुलामुलींचे नळ वेगळे न करता वेळ वेगळी केली, पाचवी-सहावी दहा मिनिटं आधी, आणि एक शिक्षक तिथे चहा प्यायला लागले. पुढच्या सत्रातल्या नकाशांवर तो ठिपका जवळजवळ नाहीसा झाला होता. तुमच्या शाळेत तो जिना लाल असणार. उद्यापासून मधल्या सुट्टीत तिथे कुणीतरी उभं राहू दे. कॅमेऱ्याच्या भरवशावर राहू नका, तो फक्त घडून गेलेलं दाखवतो.

मुलग्यांना विसरू नका. केंद्र सरकारच्या २००७ च्या अभ्यासात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं. निम्म्याहून अधिक, ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, आणि त्यांत मुलग्यांचं प्रमाण मुलींहून किंचित जास्तच होतं. वसतिगृहात, क्रीडा शिबिरात, सहलीच्या मुक्कामी मोठी मुलं लहानांना ‘रॅगिंग’ म्हणून जे करतात त्याला आपण मस्ती म्हणतो. मुलगा ‘मला मारलं’ एवढंच सांगतो. ‘कुठे मारलं?’ हा प्रश्न विचारल्यावर तो गप्प झाला, तर विषय तिथे सोडू नका, पण लगेच खोदूही नका. ‘तुला हवं तेव्हा सांग, मी इथेच आहे,’ म्हणा आणि खरोखर तिथेच असा.

बालवाडी-पहिलीतल्या मुलांना हे सगळं जसंच्या तसं लावू नका. पाच वर्षांच्या दोन मुलांचं एकमेकांचं शरीर बघण्याचं कुतूहल हा गुन्हा नाही. सात वर्षांखालच्या मुलाची कोणतीच कृती आपला कायदा गुन्हा मानत नाही. पण जबरदस्ती असेल, वयात मोठं अंतर असेल, सांगूनही पुन्हा पुन्हा होत असेल किंवा त्या वयाला माहीत असू नये असं काही ते मूल करत असेल, तर त्या मुलालाच कुणीतरी त्रास देत असण्याची शक्यता धरून बालकल्याण समितीशी बोला.

आणि तो दहावीच्या विज्ञानातला प्रजननाचा धडा. ‘घरी वाचून या’ म्हणून सोडू नका, शिकवा. अवयवांची नावं सरळ घेता आली नाहीत तर मूल ‘तिकडे’च्या पलीकडे काही सांगू शकत नाही, आणि मग आपणच म्हणतो, मुलगी नीट सांगत नाही.

तुमच्यासाठी उद्याचा क्रम असा धरा. आज पोलिसांना कळवलंत, तरी सकाळी ठाण्यात लेखी पत्र न्या आणि शिक्क्याची पोहोच घ्या. त्याची एक प्रत मुख्याध्यापकांना द्या आणि त्यावर त्यांची सही घ्या. नाही म्हणाले तर स्पीड पोस्टाने पाठवा, शिक्षणाधिकाऱ्यांनाही. मग पहिल्या तासाला वर्गात जा. हजेरी घेताना तिचं नाव नेहमीच्या आवाजात घ्या, जरा हळू नाही आणि जरा जास्त मायेनेही नाही, कारण अख्खा वर्ग त्या क्षणी तुमच्याकडे बघत असेल. मधल्या सुट्टीत तिला बोलावू नका, जिन्यापाशी उभ्या राहा. ती मैत्रिणींबरोबर खाली उतरेल तेव्हा तिला तुम्ही दिसायला हव्यात.